फक्कीचा पूल

आमच्या वस्तीपुढचा कालव्यावरचा पूल म्या बांधलाय. म्हंजी बांधला सायबानं, म्या निस्तं टेपचं एक टोक धरलं हुतं, आन् ते बी चुकीच्या जागी.

टेपचं टोक धरायला काय अक्कल लागतीया, असं तुमी म्हनाल. तेच तर. म्हनून तर मला दिलं. मी चौथी नापास मानूस. सायेब पयल्या दिवशी आला तवा वस्तीवरची शहानी मानसं इस्त्रीची कापडं घालून म्होरं हुबी हुती, आन् मी मागं लिंबाखाली तंबाखू मळत हुतो. सायबानं सगळ्यांच्या डोक्यावरनं माझ्याकडं बोट केलं.

"तुमचे हात मोकळे दिसतात. हे धरा."

"सायेब, हातात तंबाखू हाय."

"मग ती तोंडात टाका आणि हे धरा."

टेपच्या ज्या टोकाला कायबी आकडा नसतोय ते माझ्याकडं आलं. आकडं समदं सायबाकडं. त्या दिसापास्नं तो मला 'शून्यराव' म्हनायला लागला. वरनं सांगायचा, "शून्य हललं की सगळे आकडे खोटे पडतात, शून्यराव. तुमचं काम मोठं आहे." म्या घरी जाऊन मिशीला पीळ देत बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत हुती. मान वर न करता म्हनली, "सायेब हुशार दिसतोय. मला वळखायला पंधरा वर्सं लागली, त्यानं एका दिसात वळखलं."

माघारी आमी सायबाला अरेतुरेच करायचो, तोंडावर अहो-जाहो. आता बी तसंच सांगतो, राग मानू नका. ज्याच्यावर जीव असतोय त्याला माघारी कोन अहो म्हनतंय?

दिसायला वाळका, उंच, वाऱ्यानं कलंडलेल्या ज्वारीच्या ताटावानी जरा म्होरं वाकल्याला. भर उन्हाळ्यात बी शर्टाचं गळ्यापतूर बटन लावायचा. आन् गुडघ्याखाली कायम पांढरा, गिरनीतनं आल्यावानी. कारन त्याच्या स्कूटरवर पायाजवळ फक्कीचं पोतं असायचं. फक्की म्हंजी कबड्डीच्या मैदानावर रेघा मारत्यात ती पांढरी पावडर. दुसऱ्या इंजिनेराकडं नकाशाच्या गुंडाळ्या असत्यात, ह्याच्याकडं फक्की आन् सुतळीचा बिंडा. पोत्याला कुठंतरी बारीक भोक हुतं. बारामतीपास्नं अंथुर्न्याकडं डांबरीवर पांढरी रेघ सांडत यायची. सायेब कुठं हाय हे कुनाला इचारायला लागत न्हवतं. रेघ जिथं वळली तिथं सायेब वळला.

खुर्चीवर कवाच बसला न्हाय. आमच्या आबांनी, म्हंजी वस्तीवरच्या सगळ्यात थोरल्या मानसानं, पयल्या दिवशी लेकाच्या लग्नातली लाल खुर्ची काढली. सायबानं फक्कीचं पोतं खुर्चीवर ठिवलं आन् आपुन पालथ्या घमेल्यावर बसला. आबा हात जोडून पोत्याम्होरं हुबं.

म्या नंतर इचारलं, "सायेब, खुर्चीत काय काटं हायत व्हय?"

म्हनला, "खुर्चीवर बसलं की लोक मला आवडेल ते सांगतात. घमेल्यावर बसलं की खरं सांगतात."

आमच्या वस्तीची अडचन अशी, की वस्ती कालव्याच्या अलीकडं आन् बाकी समदी दुनिया पलीकडं. शाळा पलीकडं, दूध डेअरी पलीकडं, दवाखाना, डांबरी रस्ता, मसनवटा, कबरस्तान, समदं पलीकडं. जायला एक जुना लोखंडी पाइप, आन् धरायला वर एक तार. न्हायतर सात किलोमीटर वळसा. किती निवडनुका गेल्या, तवा कुठं मानसांनी चालायचा पूल मंजूर झाला. आबांनी वस्तीला बजावून ठिवलं, "सायेब काय बी दाखवूं दे, चालतंय म्हनायचं. जास्त मागितलं की हाय ते बी जातंय. हा पूल चुकला तर दुसरा आपल्या नातवास्नी बी मिळायचा न्हाय."

आन् सायबाचा सगळ्यात राग कशावर आसंल तर ह्या 'चालतंय'वर. कुनी 'चालतंय' म्हनलं की तो खिशातनं भुईमुगाची शेंग काढायचा, सावकाश फोडायचा, दानं खायाचा आन् टरफलं कालव्यात टाकायचा. बोलायचा न्हाय. शेंग संपली की म्हनायचा, "आणि मग?"

'आणि मग' हे त्याचं खरं अवजार. टेप, फक्की नंतर. तुमी म्हना, सकाळी डेअरीला गेलतो. तो म्हननार, आणि मग? मंग परत आलो. आणि मग? मंग बायकोनं पेंडीचं पोतं सांगितलेलं इसरलो. आणि मग? मंग मार खाल्ला. अशानं त्यानं माझ्या घरातलं समदं काढून घेतलं हुतं, आन् पुलाबद्दल अजून एक शबूद इचारला न्हवता.

पयल्या बैठकीत बी त्यानं पुलाचं कायच इचारलं न्हाय. म्हनला, "सकाळपासून हातात काय काय धरलं, ते प्रत्येकानं सांगा." मानसं एकमेकाकडं बघायला लागली. आबा म्हनलं, "ह्यो काय भूगोल हाय?" मंग बाया बोलाय लागल्या. गवताचा भारा. दुधाचं कॅन. कडंवर पोर. खताची गोनी. एकीच्या एका हातात शेरडाचं दावं आन् दुसऱ्या हातात सासऱ्याचं बोट. सायेब लिहून घेत हुता. माझी पाळी आली. म्या म्हनलं, "तंबाखू." ते बी लिहून घेतलं.

मंग त्यानं हापिसातनं आलेला छापील नकाशा जमिनीवर पसरला. चार फुटी पूल, रंगीत. पुलावर एक जोडपं चाललेलं, डोळ्याला गॉगल, चारी हात मोकळं. सायेब म्हनला, "ह्यातलं कोण आपल्या वस्तीवरचं आहे?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानं नकाशा गुंडाळला आन् आबांच्या नातवाला सायकलीची साखळी पुसायला दिऊन टाकला.

एकदा त्याच्या डोक्यात आलं, पाइपावरनं बाया डोक्यावर भारा घिऊन कशा जात्यात ते आपल्याला कळलं पायजे. सांगून कळना. गवताचा भारा घेतला डोक्यावर, बूट काढलं, आन् निघाला. मी मागनं वरडतोय, "सायेब, तारंला धरा!" तो म्हनतोय, "कशानं धरू? दोन्ही हात भाऱ्याला आहेत!" आन् मधोमध गेल्यावर भाऱ्यासकट खाली. कालव्यात कमरंएवढं पानी. म्या इचार न करता उडी टाकली सायबाला वाचवायला. पर मला पवता येत न्हाय हे उडी टाकल्यावर ध्यानात आलं. कमरंएवढ्या पान्यात मी बुडायला लागलो. सायबानं मला बकुटीला धरून काठावर आनलं आन् परत जाऊन भारा आनला. भिजल्याला, केसात गवत, वहीत लिहितोय, "हात मोकळे राहत नाहीत." मी शेजारी पानी वकत हुतो. पलीकडनं एक बाई म्हनली, "आमी हे दहा वर्सं सांगतोय, पर आमी कोरड्या हुतो म्हनून कुनी ऐकलं न्हाय."

असा त्याचा स्वभाव. इंदापूरच्या बाजूला एका गावात बाजाराचं ओटं बांधायचं हुतं, तवा ओटा किती उंच पायजे हे बघायला ह्यो एक आठवडे बाजार सबंध कोथिंबीर विकत बसला हुता म्हनं. भाव म्हाईत न्हवता. स्वस्तात विकली, म्हनून बाकीच्या बायांनी भांडून उठवला. पर ओटं असं झालं की अजून म्हाताऱ्या बाया म्हनत्यात, बसलं की गुडघा दुखत न्हाय.

आमच्या इथं त्यानं फक्कीचा पूल केला. पाइपाकडं जायच्या वाटंवर, कोरड्या जमिनीवर, खऱ्या मापाची रेघ मारली. सेहेचाळीस फूट लांब, चार फूट रुंद. म्हनला, "आठ दिवस सगळ्यांनी ह्यातूनच जायचं. रेघेबाहेर पाय पडला तर तुम्ही कालव्यात."

आता कोन बघनार पाय कुठं पडला ते? माझी चुलती, नानी. ऐंशीच्या पुढं गेलेली, हातात काठी, डोळं घारीचं. सायबानं तिला लिंबाखाली बसवली आन् सांगितलं, तुम्ही न्यायाधीश. झालं! आयुष्यात पयल्यांदा म्हातारीला वरडायचा सरकारी हुकूम मिळाला. पाटेपास्नं जी बसायची ती दिवस मावळंस्तवर. "बुडाली गं! तुझा डावा पाय बुडाला!" "आरं कॅनवाल्या, दूध गेलं की वाहून!" आबांचं धोतर रेघंला लागलं तर म्हनली, "आबा गेलं. देवा, चांगला मानूस हुता." आबा रागानं परत वळलं तर परत बुडालं.

त्या आठ दिसांत काय काय कळलं! दोन भारं समोरासमोर आलं की रेघंबाहिर जात्यात, म्हंजी खऱ्या पुलावर कठड्याला अडकनार. एक बाई म्हनली, कठडा वरनं बाहिरच्या अंगाला झुकवा, म्हंजी पाय आत ऱ्हाईल आन् भारा बाहिर. सायेब हुबाच ऱ्हायला. वही उघडली आन् तिलाच पेन्सिल दिली. तिनं आयुष्यात पयल्यांदा पेन्सिल धरली आन् तिरका कठडा काढला. आज पुलावर जावा, कठडा तसाच हाय, तिनं काढलेला. वस्तीवरचं किरानाचं दुकान चालवनारे चाचा म्हनलं, पायऱ्या करू नका, उतार करा, माझ्या सायकलीवर साखरंचं पोतं असतंय. ते बी झालं.

आता माझं पाप सांगतो.

पूल कुठं टाकायचा म्हनून सायबानं तीन जागी कालव्याची रुंदी मोजली हुती. तो वस्तीच्या बाजूला, मी पाइपावरनं पलीकडं शून्य घिऊन. तिसरी जागा म्हंजी जुन्या दगडी भिंतीची. तिथं दोन्हीकडनं भिंती आत आल्यात, कालवा आवळलाय. पर दोन्ही काठाला येड्या बाभळी अशा माजल्यात की आत मानूस शिरला तर दिसत न्हाय. आन् नेमका तिथंच पलीकडं, डांबरीला लागून, माझा दीड गुंठ्याचा तुकडा. तिथं मी चहाचं हाटेल टाकनार हुतो. हाटेल न्हवतं, पर बोर्ड करून आनला हुता. खाटंखाली ठिवला हुता. रोज रातच्याला जेवल्यावर वडून बघायचो.

पूल तिथं आला तर उतार माझ्या तुकड्यातनं जानार. मंग मी बाभळीत शिरलो आन् शून्य काठाला न लावता बारा फूट मागं लावलं. सायेब तिकडनं वरडला, "शून्य लागलं?" म्या म्हनलं, "लागलं!" आकडा आला सेहेचाळीस. बाकीच्या दोन जागांएवढाच. मंग सायबानं पाइपाजवळची जागा धरली. येताना बाभळीचं काटं सगळ्या पाठीत मोडलं हुतं. बायकोनं सुईनं काढलं. म्हनली, "मोजायला गेलता का चोरी करायला?" म्या म्हनलं, "मोजायला."

आठवा दिवस. दुसऱ्या दिवशी सायेब कागद काढनार हुता. सगळी वस्ती लिंबाखाली. सायबानं शेवटचं इचारलं, "काही राहिलं का?"

आबा म्हनलं, "न्हाय न्हाय. चालतंय."

सगळी म्हनली, "चालतंय."

"काय चालतंय रं?" नानी म्हनली. "मढं कुठनं न्यायचं ते कुनी सांगितलं का त्यास्नी?"

आसं झालं की जनू कुनी अंगावर गार पानी वतलं. शुभकामाचा नारळ फुटायच्या आधी मढ्याचं नाव काढायचं नसतंय. तिरडीचा इचार सगळ्यांच्या मनात असनार, पर तोंडात कसा आनायचा? आबा खवळलं. "ए म्हातारे! पुलाचा नारळ अजून दुकानात हाय, आन् तू मढं काढलंस व्हय?"

सायेब उठला, नानीच्या म्होरं मांडी घालून बसला. "नानी, आणि मग?"

"मंग काय. आमचं मालक गेलं तवा कालव्याला पानी हुतं. पाइपावरनं तिरडी जाईना. उसाची रिकामी ट्रॉली चालली हुती, तिच्यात घातलं. खाली पाचट. सात किलोमीटर धडाधडा आपटत न्हेलं. जल्मभर त्यानं ट्रॉलीत ऊस भरला, शेवटी त्यालाच भरला." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "मानसाला शेवटला खांदा मिळाया पायजे, सायेब. मला दुसरं काय नगं. मला ट्रॉलीत घालू नका."

त्या ट्रॉलीत तिरडी धरून बसनारा मीच हुतो. मला समदं ठावं हुतं. आठ दिवस मी सगळ्यास्नी हसवत हुतो, पर ह्ये एक बोललो न्हवतो.

मंग चाचा हळूच म्हनलं, "सायेब, आमच्यात तर चालता चालता खांदा बदलत्यात. म्होरला मागं जातो, मागचा म्होरं येतो, ज्याला त्याला खांदा द्यायचा असतो. चार फुटात ते व्हायचं न्हाय. म्या बी बोललो न्हाय. म्हनलं, एवढ्यापायी पूल नगं अडकायला."

सायेब म्हनला, "शिडी आणा."

शिडी आली. आता तिच्यावर झोपनार कोन? जित्या मानसानं तिरडीवर झोपायचं म्हंजी काय खेळ हाय का? सगळ्यांनी एकमेकाकडं बघितलं आन् मंग सगळ्यांनी माझ्याकडं. आबा म्हनलं, "ह्यो झोपंल. ह्याला तसं बी काय काम हाय?" म्या बायकोकडं बघितलं, म्हनलं ही तर आडवी येईल. ती म्हनली, "न्हेवा. पर मातीत टाकू नका, कापडं नवीन हायत."

झोपलो. चौघांनी उचलला. म्होरं चाचा आन् एक पोरगेला गडी, मागं दोघं. फक्कीच्या चार फुटात दोन पावलं गेलं न्हाय तर नानी वरडली, "बुडालं! मढ्यासकट चौघं बुडालं!" खांदा बदलायला गेलं तर मी धाडदिशी खाली. सायबानं पायानं रेघ पुसली, पाच फुटावर मारली. पाचात चाललं, पर खांदा बदलताना परत नानी वरडली. मंग सहा. सहा फुटात चाचा म्होरनं मागं गेलं, मागचा म्होरं आला, मी वर सरळ, पोटातलं पानी हललं न्हाय. नानी गप. काठीवर हनुवटी टेकून बघत हुती.

सायबानं शेंग काढली, पर फोडली न्हाय. "सहा फूट पाहिजेच," म्हनला. "पण सेहेचाळीस फूट लांबीला सहा बसत नाही. लोखंड मंजुरीच्या बाहेर जातं. मग सगळं परत वर पाठवायचं, आणि वर गेलेलं..." शेंग तशीच परत खिशात टाकली.

आबा म्हनलं, "बगा! सांगत हुतो का न्हाय? चारच ऱ्हाऊं द्या."

आन् नानी, जी आठ दिवस वरडत हुती ती, एकदम बारीक आवाजात म्हनली, "ऱ्हाऊं द्या मंग. पोराबाळांची सोय हुऊं दे. ट्रॉली हाय की."

मी चौघांच्या खांद्यावर उताना. वर लिंबाचा पाला आन् आभाळ. त्या टायमाला मला आसं झालं, की खरंच मेलो आन् आता वर जाब द्यायचाय. तोंडातनं निघून गेलं, "सायेब, चौतीस हाय."

खालनं चाचा म्हनलं, "ए, गप पड. तू मेलायस."

"मेलोय म्हनूनच खरं सांगतोय! दगडी भिंतीपाशी कालवा चौतीस फूट हाय. म्या शून्य बारा फूट मागं धरलं हुतं. माझा तुकडा वाचवायला."

चौघांनी एकदम माझ्याकडं वर बघितलं आन् एकदम हात सोडलं. कापडं मातीत गेलीच. आबांनी पायातलं काढलं. बायको म्हनली, "तरीच पाठीत काटं!" नानीनं माझ्याकडं पाठ केली. ते सगळ्यात जड गेलं.

सायेब मातर शांत. आबांना बाजूला केलं, टेप काढला, मला दिला. "चला शून्यराव, परत मोजू." बाभळीतनं मी वरडलो, "चौतीस!" तिकडनं तो म्हनला, "आकडा मी सांगायचा. तुम्ही शून्य सांभाळा." पूल आखूड झाला की खालचं लोखंड बी हलकं लागतंय, म्हनून चौतीस फुटाला सहा फूट रुंदी मंजुरीत बसत हुती.

संध्याकाळी काठावर आमी दोघंच. मला वर बघवना. तो म्हनला, "मला माहीत होतं."

"कसं?"

"रोज टरफलं टाकतो की पाण्यात. सगळीकडं सावकाश जातात, त्या बाभळीपाशी पळतात. पाणी पळतं म्हणजे जागा अरुंद."

"मंग बोलला का न्हाय?"

"जागा काढून घेतली असती तर तुम्ही जन्मभर त्या पुलावर थुंकला असता. दिली की माणूस झाडतो."

"आन् म्या बोललोच नसतो तर?"

"तर उद्या सकाळी तुमच्याकडं चहाला आलो असतो."

"आन् मंग?"

"परवा पण आलो असतो," म्हनला. आन् शेंग फोडून अर्धं दानं मला दिलं.

पूल झाला. माझा तुकडा उताराखाली गेला, ऱ्हायला एक तिरका त्रिकोन. त्यात हाटेल टाकलंय. एक टेबल नीट लावलं की दुसरं कालव्यात जातंय. सकाळी झाडू घिऊन आधी पूल झाडतो, मंग हाटेल. का झाडतो म्हनून बायको इचारती. मी झाडू म्होरं सरकवतो.

सायेब रिटायर झाला, आता लांब लेकाकडं ऱ्हातोय. त्याच्यामागं मी दोन-तीन कामावर गेलो टेप धरायला. आता नवीन पोरं येत्यात. हातात डबी. भिंतीवर लाल टिकली मारत्यात, आकडा आपोआप येतोय. दुसरं टोक धरायला मानूसच लागत न्हाय. एकाला म्या म्हनलं, "आन् शून्य कुठाय?" म्हनला, "आतमध्ये असतं, काका." चांगलंय की. आतलं शून्य कुनाच्या तुकड्याकडं सरकत नसनार. पर त्या पोरानं दुपारपतूर काम उरकलं, आन् वस्तीवरच्या एका बी मानसाचं नाव त्याला ठावं झालं न्हाय.

नानी चार वर्सं रोज पुलावरनं पलीकडं जायची. काम कायबी न्हाय. जायची, डेअरीच्या पायरीवर बसायची, परत यायची. माझ्याशी दोन म्हैनं बोलली न्हाय, मंग एक दिवस हाटेलात थांबून म्हनली, "चहा कर. साखर घाल, तुझी जीभ घालू नगंस."

औंदा उन्हाळ्यात गेली. म्या सायबाला फोन केला. तो म्हनला, "खांदा कुठं बदलला?"

"मधोमध, सायेब."

"कठड्याला हात लागले कुणाचे?"

"न्हाय."

"आणि मग?"

म्या फोन ठिवून दिला. मंग काय झालं ते त्याला सांगितलं न्हाय, तुमास्नी सांगतो.

नानीला घिऊन आमी पुलावर आलो. कालव्याला पानी हुतं. म्होरं चाचा, त्यांच्या शेजारी आबांचा लेक. मागनं नानीच्या माहेरची पावनी, पनदऱ्याची. त्यातला एक जन कठड्यावर हात फिरवून म्हनला, "पूल ऐसपैस केलाय की." झालं. मला ऱ्हावलं न्हाय. म्या म्हनलं, "आधी चारच फूट हुता. त्याचं काय झालं, मी आसा शिडीवर झोपलेलो..." आन् सांगायला लागलो. माझ्यापायी मागची मानसं थांबली, मागची थांबली म्हनून म्होरची थांबली. डोळ्यातनं पानी चाललंय आन् तोंड चालूच. पार बाभळीतल्या काट्यापतूर आलो.

चाचांनी खांद्यावरचा दांडा न हलवता मान वळवली.

"आरं, म्हातारीचं वजन कायबी न्हाय. तुझ्या तोंडाचंच वझं हुतंय. खांदा लाव, न्हायतर सर बाजूला."